ब्रेंटफर्ड: मोजून खेळणारा क्लब

[दृश्य: टचलाइन. टॉवेलने चेंडू पुसणारे हात.]

चेंडू मैदानाबाहेर गेलाय. मिळालाय साधा थ्रो-इन, म्हणजे रेषेवरून हाताने चेंडू आत फेकायचा. पण मागचे दोन उंच बचावपटू बघा, आपली जागा सोडून समोरच्या गोलकडे चालत निघालेत. इकडे टचलाइनवर टॉवेल आला. आधी तळहात कोरडे केले, मग चेंडू, मग चेंडू फिरवून त्याची दुसरी बाजू. ओला चेंडू हातातून निसटतो, काही मीटर अलीकडेच पडतो आणि गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये रचलेला सगळा डाव फुकट जातो. चेंडू फेकला जाण्याआधीच स्टँडमधले लोक उठून उभे राहिलेत. कॉर्नर मिळाल्यासारखे.

हे पश्चिम लंडनमधलं ब्रेंटफर्ड. क्यू ब्रिज स्टेशनाला लागून, रेल्वेच्या रुळांच्या बेचक्यात बसवलेलं 17,250 आसनांचं स्टेडियम. प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लिश फुटबॉलची पहिली श्रेणी. तिच्यातल्या सगळ्यात लहान मैदानांपैकी हे एक. इथला क्लब श्रीमंत नाही. मोठ्या क्लबांना परवडतो तो खेळाडू याला परवडत नाही. मग हा क्लब मोठ्यांच्या पंगतीला येऊन बसला कसा?

[दृश्य: जुन्या ग्रिफिन पार्कचा परिसर. चार कोपऱ्यांवरचे पब.]

तेव्हा जरा मागे जाऊ. 1904 ते 2020 क्लबचं घर इथे होतं, ग्रिफिन पार्क. विटांच्या बैठ्या घरांच्या रांगांमध्ये घुसवलेलं मैदान, आणि चारही कोपऱ्यांवर एकेक पब. 1947 साली ब्रेंटफर्ड पहिल्या श्रेणीतून खाली घसरलं ते घसरलंच. पुढची कित्येक दशकं तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत गेली. पैशाची कायमची ओढाताण. 2006 मध्ये तर समर्थकांच्या ट्रस्टनेच क्लबची मालकी घेतली, कारण दुसरं कोणी पुढे येईना.

पण या मैदानाच्या इतिहासात एक माणूस आहे, ज्याच्याशिवाय आपली गोष्ट अपुरी राहील.

[दृश्य: संग्रहातली कृष्णधवल चित्रं. कागदावर पेन्सिलीच्या खुणा.]

चार्ल्स रीप. ब्रिटिश हवाई दलातला हिशेबनीस. 18 मार्च 1950 रोजी स्विंडन टाउनचा सामना बघायला गेला. पहिल्या अर्ध्यात संघाने एकामागून एक हल्ले केले आणि हाती काहीच लागलं नाही. रीप वैतागला. मध्यंतरानंतर त्याने खिशातून वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक हल्ला टिपायला सुरुवात केली. पास कुठून निघाला, कुठे पोचला, शेवट काय झाला. प्रत्येकाला स्वतःची खूण. व्यावसायिक फुटबॉलमध्ये अशी पद्धतशीर नोंद ठेवणारा हा पहिला माणूस मानला जातो.

पुढच्याच वर्षी, 1951 मध्ये, त्याला सल्ल्यासाठी बोलावणारा क्लब कोणता? ब्रेंटफर्ड. संघ श्रेणी गमावण्याच्या भीतीत होता. रीपच्या वहीचा आधार घेऊन खेळला आणि वाचला.

रीप दशकानुदशकं मोजत राहिला. 1968 साली बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञासोबत त्याने शोधनिबंधही प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष इंग्लंडभर पसरला: दहापैकी जवळपास आठ गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात, तेव्हा चेंडू लांब उडवा, पास कमी करा. हा सल्ला मानून कित्येक प्रशिक्षकांनी आपले संघ घडवले.

आकडा खरा होता. चूक पुढच्या पायरीवर झाली. गावात सगळ्यात जास्त अपघात दुचाकींचे होतात, कारण गावात दुचाक्याच जास्त असतात. तेवढ्यावरून दुचाकी किती धोक्याची हे कळत नाही. रीपच्याच नोंदींमध्ये दहापैकी नऊहून जास्त चाली तीन पासच्या आत संपत होत्या. म्हणजे नव्वद टक्के चालींमधून ऐंशी टक्के गोल. उरलेल्या लांबलचक चाली संख्येने थोड्या, पण त्यांतून गोल होण्याचं प्रमाण जास्त. वही भरलेली होती, फक्त भागाकार राहून गेला होता. त्या एका राहिलेल्या भागाकाराने इंग्लिश फुटबॉलची काही दशकं खाल्ली, असं मला ठामपणे वाटतं.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. मैदानाच्या आकृतीवर एकेक ठिपका उमटतो.]

आता हे बघा. पश्चिम लंडनमधल्याच एका छोट्या क्लबचा सामना, आणि स्टँडच्या मागच्या रांगेत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला एक विद्यार्थी. प्रत्येक शॉटला तो व्हिडिओ थांबवतो आणि आकृतीवर ठिपका ठेवतो. मग विचारलेल्या गोष्टी भरतो. पायाने की डोक्याने? पास मागून आला की बाजूने? समोर किती बचावपटू? गोलरक्षक जागेवर होता का? हा ठिपका बघा, सहा यार्डांच्या रेषेजवळचा, ठळक आणि मोठा. आणि हा दुसरा, तीस यार्डांवरून मारलेला, टाचणीच्या टोकाएवढा.

ठिपक्याचा आकार म्हणजे त्या संधीची किंमत. याला म्हणतात एक्सजी, अपेक्षित गोल. आजवर नोंदवलेले हजारो शॉट घ्यायचे आणि बघायचं, अशा जागेवरून, अशा परिस्थितीत मारलेल्या शंभर शॉटपैकी किती आत गेले. पेनल्टी असेल तर पाऊणशेच्या थोडे वर. सरसकट सगळे शॉट घेतले तर दहात साधारण एक. सामन्यातल्या सगळ्या ठिपक्यांची बेरीज केली की कळतं, कोणत्या संघाने खरोखर संधी निर्माण केल्या आणि कोणाच्या नशिबाने हात दिला.

फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात, म्हणून नशिबाचा वाटा मोठा. एक चेंडू खांबाला लागून आत, एक बाहेर, आणि निकाल फिरला. 27 एप्रिल 2013 रोजी ग्रिफिन पार्कवर हेच घडलं. डॉनकॅस्टरविरुद्ध भरपाई वेळेत ब्रेंटफर्डला पेनल्टी मिळाली. गोल झाला असता तर थेट वरच्या श्रेणीत. मार्सेलो ट्रोटाचा फटका आडव्या बारवर आदळला, चेंडू सरळ दुसऱ्या टोकाला गेला आणि डॉनकॅस्टरने गोल करून तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपदच नेलं. काही सेकंदांत एक अख्खा हंगाम हातातून गेला.

त्या वेळी क्लबचा मालक होता मॅथ्यू बेनम. लहानपणापासूनचा ब्रेंटफर्डचा समर्थक, ऑक्सफर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकलेला, लंडनच्या वित्तक्षेत्रात काम केलेला. 2004 मध्ये त्याने स्मार्टऑड्स ही कंपनी काढली. काम काय, तर फुटबॉल सामन्यांची संख्याशास्त्रीय गणितं मांडून बेटिंग करणाऱ्यांना सल्ला देणं. क्लबला तो आधीपासून पैसे पुरवत होता. 2012 मध्ये त्याने क्लब ताब्यात घेतला. निकालाने हुरळायचं नाही आणि निकालाने खचायचंही नाही, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. तेच त्याने क्लबमध्ये आणलं.

याचं महत्त्व कळायला न्यूकॅसलचं उदाहरण घ्या. 2011-12 च्या हंगामात न्यूकॅसल पाचवं आलं आणि प्रशिक्षक ॲलन पार्ड्यूंना आठ वर्षांचा करार मिळाला. पण त्या पाचव्या क्रमांकामागे गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, होता फक्त अधिक पाच. पुढच्याच हंगामात संघ सोळावा. ब्रेंटफर्डची माणसं गुणतक्ता बाजूला ठेवून संधींच्या हिशेबावर आपला दुसरा तक्ता बनवतात, ते अशा फसगतीतून वाचण्यासाठी.

आणि त्या तक्त्यावरचा विश्वास दाखवायची वेळ आली ऑक्टोबर 2018 मध्ये. मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ ॲस्टन व्हिला या क्लबात गेले, त्यांच्या जागी सहायक थॉमस फ्रँक आले आणि पहिल्या दहापैकी आठ सामने हरले. दुसरा कोणताही क्लब असता तर माणूस नाताळाआधी घरी गेला असता. ब्रेंटफर्डने खेळाचा दर्जा तपासला, हिशेब ठीक दिसला, फ्रँक राहिले. पुढे जवळपास सात वर्षं राहिले.

[दृश्य: सामन्याआधीचा सराव. आघाडीवीरांचे शॉट.]

खरेदीही अशीच. दुसऱ्यांच्या नजरेतून सुटलेले, वयाने लहान, खालच्या श्रेणीतले किंवा फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतले खेळाडू आधी आकड्यांत शोधायचे, मग माणसं पाठवून डोळ्यांनी बघायचे. ऑली वॉटकिन्स 2017 मध्ये एक्सेटरकडून सुमारे 18 लाख पौंडांना आला, 2020 मध्ये ॲस्टन व्हिलाने त्याच्यासाठी 2 कोटी 80 लाख मोजले. नील मोपे सुमारे 16 लाखांना आला, दोन कोटींच्या घरात गेला. ब्रायन एमब्यूमो 2019 मध्ये ट्रॉयहून आला आणि 2025 मध्ये मँचेस्टर युनायटेडने साडेसहा कोटींहून जास्त देऊन नेला. एक विकायचा, त्याच पैशातून पुढचा शोधून ठेवायचा. चाहत्यांचं मन मोडतं, पण क्लब जगतो.

[दृश्य: कॉर्नर. पेनल्टी बॉक्समधली गर्दी, वरून.]

या सगळ्याची प्रयोगशाळा होती डेन्मार्कमध्ये. 2014 मध्ये बेनमने मिट्यूलान हा क्लब घेतला आणि 2015 मध्ये मिट्यूलान पहिल्यांदा डेन्मार्कचा विजेता झाला. भर होता सेट-पीसवर: कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो. खेळ थांबलेला असताना कोण कुठे उभा राहील, कोण कोणाची वाट अडवेल, हे आधी बसवता येतं आणि त्याला कोट्यवधींचा खेळाडू लागत नाही. गरीब क्लबाला परवडणारी हीच जागा. थांबवा चित्र इथे. हा खेळाडू चेंडूकडे धावतच नाही. तो फक्त गोलरक्षकासमोर पाठ करून उभा आहे. आणि मागच्या खांबाकडे बघा, तिथे एकजण मोकळा.

[दृश्य: सराव. पाठीवर यंत्र असलेली बनियन चढवणारा खेळाडू.]

आता शरीराकडे. जर्सीच्या आत ही घट्ट बनियन, आणि दोन खांद्यांच्या मध्ये शिवलेल्या खिशात काड्यापेटीएवढं यंत्र. सेकंदाला दहा वेळा ते खेळाडूची जागा टिपतं. एकूण किती पळाला हे आता कोणी फारसं विचारत नाही. प्रश्न असतो, पूर्ण वेगाने किती मीटर पळाला, किती वेळा जोरात निघाला आणि किती वेळा कचकन थांबला. थांबण्याने स्नायूंवर येणारा ताण पळण्याहून वेगळा असतो. सराव संपला की आणखी एक माप, अगदी साधं: एक ते दहामध्ये सांग, आज किती दमलास? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. यंत्र एक सांगतं आणि खेळाडू वेगळं, तेव्हाच फिजिओचे कान टवकारतात.

कारण सगळ्यात मोठी भीती या स्नायूची, मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगची. युरोपातल्या मोठ्या क्लबांवर 2001 पासून चाललेल्या अभ्यासात दिसलं की एकूण दुखापतींमधला हॅमस्ट्रिंगचा वाटा वीस वर्षांत 12 टक्क्यांवरून 24 टक्क्यांवर गेला. खेळ वेगवान झाला, सामने वाढले. आणि उपाय? हा बघा. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, पाठ-कंबर ताठ ठेवून पुढे झुकत जायचं, जितकं सावकाश जमेल तितकं. याच्या मांडीची थरथर दिसतेय? स्नायू लांबत असताना जोर लावायला शिकतोय. या नॉर्डिक व्यायामाने दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकतात, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसलंय. त्याला ना यंत्र लागतं, ना पैसा. तरीही कितीतरी संघ तो नेमाने करत नाहीत, आणि हे मला खरोखर लागतं.

[दृश्य: मे 2021, वेम्बलीबाहेर लाल-पांढरे स्कार्फ.]

29 मे 2021. वेम्बलीवर बढतीच्या अंतिम सामन्यात स्वान्सीचा 2-0 असा पराभव. 74 वर्षांनी ब्रेंटफर्ड पहिल्या श्रेणीत. आणि 13 ऑगस्टला प्रीमियर लीगच्या पहिल्याच सामन्यात आर्सेनलविरुद्ध दुसरा गोल कशावर झाला? लांब थ्रो. चेंडू बॉक्समध्ये टप्पा पडून उसळला, क्रिस्टियन नॉरगार्डने डोकं लावलं.

या वाटेवर किंमतही मोजावी लागली. 2016 मध्ये क्लबने मुलांची अकादमी बंद केली, काही वर्षांनी ती परत सुरू झाली. आणि बेटिंगच्या धंद्यातून आलेल्या मालकाच्या या क्लबचा आघाडीवीर आयव्हन टोनी याच्यावर 2023 मध्ये बेटिंगचे नियम 232 वेळा मोडल्याबद्दल आठ महिन्यांची बंदी आली.

[दृश्य: मध्यवर्तुळ. शिट्टी. किक-ऑफ.]

सप्टेंबर 2024. किक-ऑफही सेट-पीसच आहे, हे कोणाच्या तरी डोक्यात आलं. मँचेस्टर सिटीविरुद्ध 22 व्या सेकंदाला गोल. लीगच्या पुढच्या सामन्यात टॉटनमविरुद्ध 23 व्या सेकंदाला. त्याच्या पुढच्यात वेस्ट हॅमविरुद्ध 37 व्या सेकंदाला. सलग तीन सामन्यांत पहिल्या मिनिटात गोल, प्रीमियर लीगमध्ये असं आधी कोणीच केलं नव्हतं. त्या तिन्हींपैकी एकही सामना ब्रेंटफर्ड जिंकलं नाही, तरी किक-ऑफची आखणी कोणी गुंडाळून ठेवली नाही.

तेव्हा सेट-पीसचे प्रशिक्षक होते कीथ अँड्रयूज. जून 2025 मध्ये थॉमस फ्रँक टॉटनमला गेले. मोठं नाव शोधत क्लब कुठे फिरला नाही. कॉर्नर आणि थ्रो-इन बसवणाऱ्या त्याच माणसाला, जो तोवर कुठेही मुख्य प्रशिक्षक नव्हता, त्यांनी संघ सोपवला.