काटा म्हणतो 18, लॉग म्हणतो 16, मोबाईल म्हणतो 15

टर्बोची गाडी (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) डायनोवर, म्हणजे जागेवरच ताकद मोजणाऱ्या रोलरवर बांधलीय, इंजिन फुल थ्रॉटलवर 5000 आरपीएमला आहे, आणि समोर तीन आकडे दिसतायत बघा. डॅशबोर्डवर बसवलेला काट्याचा गेज 18 पीएसआय दाखवतोय (पीएसआय हे दाबाचं एकक, एक म्हणजे साधारण 7 किलोपास्कल). लॅपटॉपवर ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा लॉग चालू आहे, त्यात मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचं) प्रेशर 204 किलोपास्कल, हिशोब करून 16 पीएसआय बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा टर्बोने वाढवलेला दाब. आणि मोबाईलवरचं ॲप, जे ओबीडी पोर्टातून (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधून) तोच सेन्सर वाचतंय, ते म्हणतंय 15. इंजिन एकच, क्षण पण तोच. आता पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगीचं टायमिंग किती पुढे घ्यायचं हे ट्यूनरने, म्हणजे इंजिनाची सेटिंग जुळवणाऱ्याने, कुणाच्या भरवशावर ठरवायचं?

गंमत म्हणजे तिघांपैकी एकाचंही वाचन चुकलेलं नाही.

आधी 16 आणि 15 चं भांडण मिटवू. ईसीयू ज्याच्यावर चालतो तो मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणारा, त्याला बाहेरच्या हवेशी काही देणंघेणं नसतं. आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो, त्याच्या एका बाजूला सीलबंद निर्वात पोकळी आणि दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डची हवा, म्हणजे याचा शून्य हा खराखुरा शून्य. इंजिन बंद असलं तरी समुद्रसपाटीला हा 101 किलोपास्कलच्या आसपास दाखवणार, कारण तेवढी हवा आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर आहे. त्यातून बाहेरचा दाब वजा केला की उरतो तो बूस्ट. आपण आत्ता साधारण 600 मीटर उंचीवर आहोत, इथे बाहेरचा दाब 94. 204 मधून 94 गेले, 110 किलोपास्कल उरले, म्हणजे 16 पीएसआय. ॲपने मात्र डोळे झाकून 101 वजा केले, 103 उरले, झाले 15. सेन्सर तोच, फक्त वजाबाकी वेगळी.

आणि इथे एक सापळा आहे ज्यात भले भले अडकतात. चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता मॅप सेन्सर काय दाखवतो ते बघायचं, तो बाहेरच्या हवेचा दाब असायला हवा, ही सगळ्यात सोपी तपासणी. मग लोक हवामानाचं ॲप उघडतात, तिथे 1013 हेक्टोपास्कल, म्हणजे 101 किलोपास्कल दिसतं, सेन्सर 94 म्हणतोय, आणि चांगला सेन्सर काढून फेकतात! अरे, हवामानवाले आकडा समुद्रसपाटीला आणून सांगतात, जेणेकरून सगळीकडचे आकडे एकमेकांशी ताडता यावेत. तुम्हाला हवा तुमच्या जागेवरचा दाब, आणि तो साधा बॅरोमीटर नीट सांगतो.

उंचीचा मुद्दा नुसत्या वजाबाकीपुरता नाही. 2000 मीटरवर बाहेरचा दाब 80 किलोपास्कलपर्यंत येतो. मॅनिफोल्डमध्ये 200 पाहिजेत असं ईसीयूने ठरवलं, तर समुद्रसपाटीला टर्बोला हवा जवळपास दुप्पट दाबायची असते, 2000 मीटरवर अडीचपट, म्हणजे आकडा तोच दिसतो पण टर्बो बिचारा कितीतरी जास्त वेगाने फिरतोय. म्हणून पेट्रोल-टायमिंगचे टेबल बनवताना ट्यूनर ॲब्सोल्यूटमध्ये, म्हणजे खऱ्या शून्यापासून मोजलेल्या दाबात विचार करतात, पीएसआय बूस्ट ही गप्पांमध्ये बोलायची भाषा.

आता तो 18 वाला काटा. आत बुर्दों ट्यूब आहे, वाकवलेली पोकळ नळी, दाब आला की सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. 1849 चं पेटंट आहे हे, आणि अजून मजेत चाललंय. मग दोन पीएसआय जास्त कुठून आले? कॅमेरा बॉनेटखाली नेऊया... ही काळी बारीक नळी बघा, ही टर्बोच्या तोंडाशी, कॉम्प्रेसरच्या आउटलेटला जोडलीय. पण तिथून मॅनिफोल्डपर्यंत हवेला इंटरकूलर (तापलेली हवा गार करणारी जाळी), दोन-तीन वळणं आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनाच्या हवेचं दार) पार करायचीय, आणि वाटेत ती दाब गमावणारच. म्हणजे काटा खरं बोलतोय, फक्त दुसऱ्याच जागेचं. सिलिंडरमध्ये जाणारी हवा थ्रॉटलनंतरची, त्यामुळे ट्यूनिंगसाठी मोजायचं तिथेच. (आउटलेटचा आकडा वाया जात नाही बरं का, दोन्हींतला फरक वाढत गेला तर इंटरकूलर इंजिनाला पुरत नाहीये हे कळतं.)

मॅनिफोल्डवर सुद्धा कुठेही भोक पाडून चालत नाही. सगळ्या सिलिंडरची हवा जिथे जमते तो मोठा डबा, प्लेनम, तो बरा. एकाच सिलिंडरच्या रनरवर, म्हणजे त्याच्याकडे जाणाऱ्या नळीवर घेतलं तर व्हॉल्व्हच्या उघडझापीची धडधड आकड्यात उतरते. आणि नळी जोडायचं निपल आत घुसून तोंड वाऱ्याकडे असेल तर हवा नुसती दाबत नाही, धडकते पण. 100 मीटर प्रति सेकंद वेगाची, बूस्टमधली दाट हवा अशी समोरून आली की दहाएक किलोपास्कल फुकटचे दिसतात. म्हणून भोक भिंतीला काटकोनात, आतली धार घासून साफ. नळी लांब असली म्हणून स्थिर दाब कमी दिसत नाही, फक्त उशिरा दिसतो, पण तीच नळी ब्लो-ऑफ व्हॉल्व्हसोबत (थ्रॉटल मिटलं की दाबलेली हवा सोडणारी झडप) टी जॉइंटने वाटून घेतली आणि कुठे गळती असली तर मात्र आकडा खाली येतो.

सेन्सरचं म्हणाल तर त्याला छत असतं. अडीच बारचा सेन्सर (एक बार म्हणजे 100 किलोपास्कल), पण अडीच ॲब्सोल्यूट, म्हणजे बूस्ट दीड बारच, त्यापुढे लॉगवर रेघ आडवी सपाट होते आणि लोकांना वाटतं वा, बूस्ट किती छान धरून ठेवलाय! साध्या ओबीडी रीडिंगचंही तसंच, तिथे या दाबाला एकच बाईट मिळते, 255 किलोपास्कलला खेळ खलास. आणि अर्थिंग, हे तर विसरूच नका, सेन्सर दाब व्होल्टमध्ये कळवतो, त्यामुळे तीन बारच्या सेन्सरला अर्थमध्ये 0.1 व्होल्टचा घोळ झाला तरी जवळपास एक पीएसआयची चूक.

या आकड्याला किती महत्त्व ते बघायचं तर फॉर्म्युला वन बघा. 1987 ला टर्बोवर 4 बारची मर्यादा आली, 1988 ला अडीच, दोन्ही ॲब्सोल्यूटच, आणि गाडीवर पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बसवले, की दाब वर गेला की हवा सोडून देणार.

चला, आपल्या गाडीकडे. काट्याची नळी प्लेनमवर घेतली, ॲपमध्ये बाहेरचा दाब 94 टाकला, परत रन. 5000 ला काटा 16, लॉग 16, ॲप 16. सगळे खुश, चहा घ्यायला निघालेच होते.

पण लॉग मागे सरकवला तर 3400 आरपीएमला हे टोक दिसतंय, 228 किलोपास्कल, म्हणजे 19 च्या वर, फक्त तीन दशांश सेकंद. काट्याला तेवढ्यात वर जाऊन यायला जमलं नाही, ॲप सेकंदाला जेमतेम चार-पाच वेळा वाचतंय त्यामुळे त्याच्या नजरेतून निसटलं, आणि नॉकिंगची (पेट्रोल अवेळी भडकण्याची) एक खूण बरोबर याच टोकाखाली आहे. डायनोचे पट्टे अजून सोडलेले नाहीत, आता वेस्टगेटचा, म्हणजे एक्झॉस्ट टर्बोच्या बाजूने वळवून बूस्ट आवरणाऱ्या झडपेचा, ड्युटी टेबल उघडलाय.