खळाळाशी खळाळ, डोहाशी डोह : किड्यांवरून नदीचं प्रदूषण ओळखताना

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय : "कारखान्याच्या नाल्याखाली नुसत्या लाल अळ्या सापडल्या, म्हणजे प्रदूषण सिद्ध झालं ना?" नाही झालं. का नाही, तेच आज बोलू.

पद्धत पटकन सांगतो. बाटलीतलं पाणी त्या क्षणापुरतं बोलतं. सांडपाणी रात्री सोडलं आणि तुम्ही सकाळी बाटली भरली, तर हाती काहीच लागत नाही. दगडाखालची अळी मात्र कित्येक आठवडे, काही जाती तर वर्षभर पाण्यातच असतात. रात्रीचं पाणी त्यांच्या अंगावरून गेलेलं असतं. म्हणून जाळी प्रवाहात धरायची, तिच्या पुढचा तळ तीन मिनिटं पायाने ढवळायचा, जे येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि कुळं ओळखायची. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या बीएमडब्ल्यूपी या गुणपद्धतीत कुळांना १ ते १० गुण आहेत, प्रदूषण जितकं कमी सोसवतं तितके जास्त, आणि सापडलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करायची : चपट्या मेफ्लाय नावाच्या किड्याच्या पाण्यातल्या पिल्लांना १०, लाल अळ्या ज्या कुळातल्या त्या कायरोनोमिडना २, गाळातल्या कृमींना १. झालं.

आता खरी मेख. खालचा, म्हणजे नाला नदीला मिळाल्यानंतरचा नमुना ताडायचा तो नाल्याच्या वरच्या, म्हणजे नाला मिळण्याआधीच्या नमुन्याशी. आणि दोन्ही जागा सारख्या हव्यात. खळाळाशी खळाळ, डोहाशी डोह.

मी स्वतः इथे चुकलोय. वरचा नमुना खळाळातून घेतला, खालचा बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्यातून. वर मेफ्लाय, कॅडिसफ्लाय असे स्वच्छ पाण्यातले किडे, सगळं भरभरून. खाली गाळ आणि लाल अळ्या. अहवाल लिहायलाही बसलो. सोबतच्या अनुभवी बाईंनी एवढंच विचारलं, "वरचा डोह बघितलास का?" गेलो, जाळी मारली. तिथेही त्याच लाल अळ्या! आणि नाला तर त्या डोहाच्या अजून अर्धा किलोमीटर खाली होता.

असं का होतं? खळाळातला दगड उलटा करून बघा. चपटी मेफ्लाय सरकन पलीकडच्या बाजूला जाते. अंग दगडाला चिकटलेलं, पोटाच्या कडांना पानांसारखे कल्ले. तिला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. लाल अळीच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून तर ती लाल. प्राणवायू कमी असलेल्या गाळात ती बीळ करून निवांत राहते. डोहात ती सापडणारच, कारखाना असो वा नसो.

आणि उलटी चूक जास्त घातक आहे. वरचा नमुना डोहातला, खालचा खळाळातला घ्या. प्रदूषण असूनही दोन्हीकडचे गुण सारखे दिसू शकतात आणि नाला सुटतो. याचा मला खरंच राग येतो, कारण चुकीचा अहवाल एकदा दाखल झाला की पुढचा बरोबर अहवालही कोणी मनावर घेत नाही.

एका ताईंनी लिहिलंय, "आमच्याकडे खाली लाल अळ्याही नाहीत, ट्रे जवळजवळ रिकामा." ताई, तुमची कमेंट वाचून काळजी वाटली. सेंद्रिय सांडपाण्यात कृमी आणि लाल अळ्या उलट वाढतात. तांबं, जस्त यांसारखे धातू किंवा कीटकनाशक आलं, तर एकूण संख्याच घसरते. बीएमडब्ल्यूपीचे गुण मुख्यतः सेंद्रिय प्रदूषणासाठी बसवलेत, तेव्हा अशा ठिकाणी नुसत्या बेरजेवर जाऊ नका; कोणती कुळं गायब आहेत ते बघा. धातूंनी चपट्या मेफ्लाय सहसा लवकर जातात. पण नुकत्याच आलेल्या पुरानेही तळ धुऊन निघतो. तेव्हा वरचा ट्रेही रिकामा आहे का? तिथला तळ तसाच आहे का? हे कळल्याशिवाय मी विष म्हणणार नाही.

तर ताई, दोन्ही जागांचे फोटो पाठवा. दगड किती, गाळ किती, पाणी गुडघ्याच्या वर की खाली, तेही लिहा. आणि नाल्याच्या तोंडाशी उघड्या पायांनी उतरू नका.