तहानेची शर्यत

नमस्कार श्रोते हो.

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ऑलिम्पिकचं एक पान हमखास असतं. अमुक साल, अमुक शहर, अमुक पदकं. पाठ करायचं आणि परीक्षा झाली की विसरायचं. ते पान आज बाजूला ठेवू या. मला बोलायचंय मॅरेथॉनबद्दल, आणि त्यातही पाण्याबद्दल.

आमच्या शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात एक रांजण असायचा. पण पळण्याच्या तासाला त्याच्याकडे फिरकायची सोय नव्हती. पीटीचे सर ओरडायचे, ‘‘आत्ता पाणी प्यालास तर पोटात गोळा येईल!’’ आम्ही घशाला कोरड पडेस्तोवर पळायचो आणि घंटा झाली की रांजणावर तुटून पडायचो. सर जुन्या वळणाचे म्हणून असं सांगतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पुढे ऑलिम्पिकचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळलं की सर एकटे नव्हते. एके काळी भलेभले जाणकार हेच म्हणत होते, आणि त्यापायी माणसं मरता मरता वाचली. आणि असल्याच दुसऱ्या एका समजुतीपायी एक जण तर वाचलाही नाही.

गंमत अशी, की मॅरेथॉनचा पहिला विजेता पाणक्या होता. १८९६, अथेन्स. स्पिरिडॉन लुइस हा मारूसी गावचा तरुण, पाणी वाहून नेऊन विकायचं हा घरचा धंदा. तेव्हा शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती. लुइसने ती २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत संपवली. तो मैदानात शिरला तसे ग्रीसचे दोन राजपुत्र खाली उतरले आणि त्याच्या बाजूने धावत शेवटपर्यंत गेले. राजाने विचारलं, काय हवं ते माग. तर म्हणे त्याने पाणी वाहायला एक गाढवगाडी मागितली. ही सांगोवांगीची गोष्ट. पण खोटी असली तरी मला ती सोडवत नाही. बक्षीस म्हणून त्याला मिळालं ते रुपेरी पदक, कारण पहिल्या नंबराला सोनं द्यायची पद्धत पुढे १९०४ मध्ये आली. आणि हो, त्या शर्यतीत तिसरा आलेला बेलोकास वाटेत घोडागाडीत बसल्याचं उघड झालं. त्याचा नंबर काढून हंगेरीच्या केलनरला दिला. म्हणजे पहिल्याच मॅरेथॉनमध्ये लबाडीही झाली.

पण १९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात जे झालं, त्यापुढे बेलोकास म्हणजे अगदीच साधा माणूस.

तारीख ३० ऑगस्ट. ऊन ३२ अंशांच्या आसपास, आणि शर्यत सुरू केली दुपारी तीनला. रस्ते कच्चे. पुढे-मागे पंच आणि डॉक्टरांच्या मोटारी, त्यामुळे धावणाऱ्यांच्या नाकातोंडात नुसता धुरळा. आणि पाणी? ते जेमतेम एक-दोन ठिकाणी. शेवटचं पाणी साधारण १२ मैलांवर, रस्त्याकडेच्या एका विहिरीवर. त्यापुढे टिपूस नाही. हा गलथानपणा नव्हता. स्पर्धेचे प्रमुख जेम्स सलिव्हन यांना पाण्यावाचून माणूस किती तग धरतो हे पाहायचं होतं. ३२ जण सुटले, १४ पोचले. विल्यम गार्सिया नावाचा धावपटू रस्त्याकडेला पडलेला सापडला. धुळीने त्याचं पोट आतून रक्तबंबाळ झालं होतं. थोडक्यात वाचला.

आघाडीवर होता टॉमस हिक्स. त्याने पाणी मागितलं. बरोबरच्या मदतनिसांनी दिलं नाही, नुसतं ओल्या स्पंजाने तोंड पुसलं. मग अंड्याच्या पांढऱ्यात घालून दिलं स्ट्रिक्निन, म्हणजे आपल्या कोकणात ज्याला काजरा म्हणतात ना, त्याच्या बीचं विष. अगदी थोडं दिलं तर अंगात तरतरी येते, अशी तेव्हाची समजूत. वर ब्रँडी. शेवटी शेवटी हिक्सला भास व्हायला लागले. मदतनिसांनी दोन्ही बाजूंनी धरून त्याला रेषेपार नेला, आणि तोच विजेता ठरला!

तोच का? कारण त्याच्या आधी आलेला फ्रेड लॉर्झ ११ मैल मोटारीत बसून आला होता. पायात गोळे आले म्हणून गाडीत बसला, वाटेत गाडीच बंद पडली, तेव्हा उतरला आणि धावत धावत मैदानात शिरला. लोकांनी डोक्यावर घेतला. राष्ट्राध्यक्षांची मुलगी त्याच्या डोक्यावर मानाचा मुकुट घालणार, इतक्यात बिंग फुटलं. लॉर्झ म्हणाला, मी गंमत करत होतो. याच लॉर्झने पुढच्या वर्षी बॉस्टनची मॅरेथॉन जिंकली. ती मात्र स्वतःच्या पायांनी.

या सगळ्या गोंधळात माझा आवडता माणूस म्हणजे क्यूबाचा फेलिक्स कार्वाहाल, पेशाने पोस्टमन. येताना न्यू ऑर्लीन्सला जुगारात पैसे घालवून बसला, मग मिळेल त्या वाहनाने सेंट लुइस गाठलं. अंगात लांब विजार, पायात जडशीळ बूट. एका थाळीफेकपटूने कात्रीने त्याची विजार गुडघ्यापर्यंत कापून दिली. धावताना भूक लागली म्हणून हा बागेत शिरून सफरचंदं खाऊन आला, ती बाधली, पोट दुखायला लागलं, तर चक्क आडवा झाला. आणि उठून धावत चौथा आला. एक डुलकी कमी घेतली असती तर?

त्याच शर्यतीत दक्षिण आफ्रिकेचे लेन टाउन्याने आणि यान माशियानी हे दोघे होते. ते मुळात ऑलिम्पिकसाठी आलेच नव्हते. शेजारच्या जागतिक प्रदर्शनात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाचा देखावा करत, त्यात ते कामाला होते. टाउन्यानेच्या मागे कुत्रा लागला आणि त्याला वाट सोडून पळावं लागलं. तरी नववा आला.

चार वर्षांनी लंडन. इटलीतला हलवाई डोरांडो पिएट्री पहिला मैदानात आला खरा, पण आला तो भलत्याच दिशेने वळला. मग कोसळला. उठला, पुन्हा कोसळला. शेवटचे साडेतीनशे मीटर जायला त्याला दहा मिनिटं लागली. पंचांनी हात देऊन त्याला रेषेपार केलं आणि त्याच हातांपायी तो बाद झाला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला कप दिला, एवढंच. पण मॅरेथॉनचं जे विचित्र अंतर आपण ऐकतो, ४२ किलोमीटर १९५ मीटर, ते या लंडनचं. विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातल्या राजघराण्याच्या आसनांपर्यंत मोजलं ते भरलं २६ मैल ३८५ यार्ड. १९२१ मध्ये तेच कायमचं झालं.

पिएट्रीच्या त्या प्रसंगाची आठवण १९८४ साली लॉस एंजलिसला पुन्हा निघाली. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन त्या वर्षी पहिल्यांदा झाली. स्वित्झर्लंडच्या गॅब्रिएला अँडरसन-शीस यांचं पाणी घ्यायचं शेवटचं ठिकाण हुकलं. मैदानात आल्या त्या एका बाजूला झुकून, पाय फरफटत. डॉक्टर जवळ गेले तर त्यांनी हातानेच लांब राहायला सांगितलं. कोणी शिवलं की शर्यत गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या एका फेरीला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला, पण रेषा त्यांनी स्वतः ओलांडली.

आता स्टॉकहोम, १९१२. तारीख १४ जुलै आणि पुन्हा तसलंच ऊन. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो, धंद्याने सुतार. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगाला मेण फासलं. मेणाने घामाची वाटच बंद झाली. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

याच शर्यतीत होता शिझो कानाकुरी, जपानच्या पहिल्या दोन ऑलिम्पिकपटूंपैकी एक. वय २०. बोट आणि सैबेरियातून जाणारी रेल्वे असा अठरा दिवसांचा प्रवास करून आलेला. पायात जपानी कापडी जोडे, ज्यात अंगठा वेगळा राहतो ते. घाम आला की माणूस जास्त थकतो, म्हणून धावताना पाणी नको, असा समज त्याच्याकडेही होता म्हणतात. आमच्या सरांचा जपानी भाऊच! साधारण २७ किलोमीटरनंतर त्याचं अवसान गळालं. रस्त्याजवळच्या एका बंगल्याच्या बागेत मंडळी बसली होती. त्यांनी त्याला आत घेतलं, सरबत दिलं. तो जरा विसावला, आणि लाज वाटली म्हणून कोणाला न सांगता गाडी धरून निघून गेला. स्वीडनच्या दप्तरात नोंद राहिली, ‘बेपत्ता’.

बेपत्ता माणूस जपानात मात्र सुखरूप होता. इतका, की १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिम्पिकला पुन्हा मॅरेथॉन धावला. आणि इथे, श्रोते हो, गोष्ट आपल्या अंगणात येते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती व्हायच्या. दोराबजी टाटा तेव्हा तिथले अध्यक्ष. त्यांनी पाहिलं, की पळणारे बहुतेक शेतावर राबणारे, अनवाणी, शिकवायला कोणी नाही. पण त्यांच्या वेळा मात्र युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास. मग खटपट करून चार धावपटू आणि दोन पैलवान अँटवर्पला गेले. त्यांतले पैलवान रणधीर शिंदे चौथे आले. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये कुस्तीचं ब्राँझ आणलं, त्याच्या आधी बत्तीस वर्षं ते असं हातातोंडाशी येऊन गेलं.

मॅरेथॉनला सदाशिव दातार आणि बेळगावकडचे फडेप्पा चौगुले. त्या दिवशी ऊन नव्हतं, गारठा आणि पाऊस होता. पाण्याला तोटा नव्हता! अंतर मात्र आजच्याहून अर्धा किलोमीटर जास्त. दातारांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. कानाकुरी सोळावा आला आणि आपले चौगुले एकोणिसावे. दोघांच्या वेळेत फरक जेमतेम दोन मिनिटांचा. म्हणजे त्या ओल्या रस्त्यावर चौगुल्यांच्या पुढे काही अंतरावर तो ‘बेपत्ता’ माणूस चालला होता. कधी तरी त्यांना त्याची पाठ दिसली असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढे स्वीडनच्या लोकांना कानाकुरीचा ठावठिकाणा लागला आणि १९६७ मध्ये त्यांनी त्याला बोलावून घेतलं: या, राहिलेली शर्यत पुरी करा. ७५ वर्षांचे कानाकुरी आजोबा आले, स्टॉकहोमच्या त्याच मैदानात शेवटचं थोडं अंतर धावले, फीत छातीवर घेतली. वाटेत लग्न झालं, सहा मुलं आणि दहा नातवंडं झाली, असं त्यांनी सांगितलं. मग ध्वनिक्षेपकावरून वेळ जाहीर झाली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद. त्यापाठोपाठ दुसरी घोषणा झाली, की १९१२ चं ऑलिम्पिक आता संपलं.

नमस्कार.