अ‍ॅनफिल्डचं बांधकाम आणि आपली गॅलरी

नमस्कार मंडळी, काय म्हणताय, जेवणं झाली का? आज फुटबॉलवर बोलायचंय, पण गोलबिल, पेनल्टी, रेफ्रीनं कसा घात केला असलं काय नाही. आज बांधकामावर बोलायचंय. सिमेंट, स्टील, क्रेन. हसू नका, कोल्हापुरात अशी पोरं आहेत की ज्यांना इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या नव्या स्टँडवर, म्हणजे गॅलरीवर, छत कधी चढलं ते पाठ असतंय, आणि स्वतःच्या घराच्या स्लॅबला किती पोती सिमेंट गेलं ते मात्र वडिलांना विचारावं लागतंय.

मी स्वतः लिव्हरपूलवाला, तेव्हा थोडा पक्षपात धरूनच ऐका.

झालं काय, शाहू स्टेडियमवर मॅच होती, पाटाकडील तालमीची टीम खेळत होती म्हणजे गॅलरी भरलेली, चार वाजताचं ऊन तोंडावर, हाफटाइम झाला तसे लोक शेंगदाणे फोडत बसले. माझ्या खालच्या पायरीवर चार-पाच पोरं एका मोबाइलवर डोकी घालून बसलेली, मला वाटलं आत्ताचाच गोल परत बघताहेत, वाकून बघतो तर लिव्हरपूलच्या मैदानाचा म्हणजे अ‍ॅनफिल्डचा ड्रोनवरनं काढलेला व्हिडिओ! त्यात ना बॉल ना प्लेयर, नुसती पिवळी क्रेन आणि लोखंडी सांगाडा. एक पोरगा सिव्हिल डिप्लोमाचा असावा, तो स्क्रीन दोन बोटांनी मोठी करकरून दाखवत होता, "हे बघ, जुना स्टँड पाडला नाही, त्याच्या मागनं नवा उभा करत आणलाय, शनिवारी मॅच आणि सोमवारी परत वेल्डिंग." दुसरा म्हणाला, "आणि आमच्या गल्लीतली गटार दोन वर्षं उघडीच." सगळे हसले, शिट्टी झाली, मोबाइल खिशात गेला.

तर त्या पोराचं म्हणणं बरोबर होतं. अ‍ॅनफिल्ड रोडच्या बाजूचा हा स्टँड. ३० सप्टेंबर २०२१ ला लिव्हरपूलचे तेव्हाचे कोच क्लॉपसाहेबांनी स्वतः कुदळ-फावडं धरून कामाला सुरुवात केली, खर्च साधारण ८ कोटी पाउंड, आणि खुर्च्या वाढणार ७ हजार. त्यासाठी स्टेडियमच्या मागचा अख्खा रस्ता वळवला. क्लबला दुसरं मैदान भाड्यानं घेऊन जायला लागलं नाही, मॅचा तिथंच चालू. त्याआधी मेन स्टँडचं पण तसंच, २०१४ च्या शेवटी काम धरलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये लेस्टरला ४-१ नं धुवून उद्घाटन. तिथं साडेआठ हजार खुर्च्या वाढल्या आणि आकडा ५४ हजारांवर गेला.

पण अ‍ॅनफिल्ड रोडचं काम सरळ पार पडलं असं समजू नका. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा सीझन सुरू व्हायला आणि काम घेतलेल्या बकिंगहॅम ग्रुप कंपनीचं दिवाळं वाजायला एकच गाठ पडली. वरचा मजला अर्धवट, माणसं साइटवरनं गेली. इथं आमच्या लिव्हरपूलवाल्यांच्या ग्रुपवर शोककळा, जणू काय आपणच फ्लॅट बुक केलाय आणि बिल्डर पळालाय! मग दुसऱ्या कंपनीनं काम हातात घेतलं, डिसेंबरमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मॅचला वरचा मजला थोडा उघडला (ती मॅच ०-०, त्याबद्दल बोलायला नको), आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बर्नलीविरुद्ध ५९,८९६ लोक, लीगच्या मॅचला अ‍ॅनफिल्डवर तोवर एवढी माणसं कधीच आली नव्हती. आता तिथं साधारण ६१ हजार बसतात.

आता इथं जरा थांबा, कारण मला खरं बोलायचंय ते हेच. लीगच्या मॅचचा रेकॉर्ड म्हणालो मी, सगळ्या मॅचांचा नाही. १९५२ साली एफए कपात, म्हणजे लीगपेक्षा वेगळ्या, हरला की बाहेर अशा स्पर्धेत, वुल्व्ह्जविरुद्ध त्याच मैदानावर ६१,९०५ माणसं होती. म्हणजे सत्तर वर्षं बांधकामं करून, कोट्यवधी पाउंड ओतून, क्लब परत तिथल्या तिथंच आला! का? तर तेव्हा लोक उभे राहायचे, खांद्याला खांदा घासून. कोप नावाचा जो प्रसिद्ध स्टँड आहे, त्यावर पूर्वी वीस-पंचवीस हजार माणसं उभी असायची, आज तिथं साधारण १२ हजार बसतात.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. हे कोप नाव आलंय दक्षिण आफ्रिकेतल्या स्पियन कोप टेकडीवरनं, बोअर युद्धात जानेवारी १९०० मध्ये तिथं ब्रिटिशांचा मोठा पराभव झाला, मेलेल्यांत लँकेशायरकडचे, म्हणजे लिव्हरपूलच्याच भागातले, सैनिक पुष्कळ होते. १९०६ मध्ये हा उंच स्टँड झाला तेव्हा त्या टेकडीचं नाव याला दिलं. आणि त्या टेकडीवरनं जखमी उचलून आणणाऱ्या हिंदी अँब्युलन्स पथकात कोण होतं, तर आपले गांधीजी. बघा, कुठला धागा कुठं जातोय.

तर उभं राहणं का बंद झालं. १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, एफए कप सेमीफायनल, गर्दीचा रेटा आला आणि लिव्हरपूलची माणसं जाळीवर चिरडली, एकूण ९७ जीव गेले. वर आणि दोष फॅन्सवरच ढकलला गेला, तो पुसायला त्या कुटुंबांना पंचवीस-तीस वर्षं झगडावं लागलं. त्यानंतरच्या सरकारी चौकशीच्या टेलर रिपोर्टनं मोठ्या क्लबांना सगळीकडं खुर्च्या लावायला लावल्या, आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये कोपवर लोक शेवटचे उभे राहिले. म्हणून म्हणतो, खुर्ची वाढली याचा आनंद करताना ती खुर्ची आली कुठनं हे पण ठाऊक पाहिजे.

आणि खुर्ची वाढली म्हणजे ती आपल्या माणसालाच मिळाली असं पण नसतंय. मेन स्टँड वाढवताना क्लबनं तिकिटाचे नवे दर जाहीर केले, सगळ्यात महाग ७७ पाउंड, म्हणजे त्यावेळच्या भावानं आपले साडेसात हजार रुपये, एका मॅचला! फॅन्सनी काय केलं तर ६ फेब्रुवारी २०१६ ला संडरलँडच्या मॅचला बरोबर ७७ व्या मिनिटाला उठले आणि बाहेर चालू लागले, हजारो लोक. तेव्हा लिव्हरपूल २-० नं पुढं होतं. गॅलरी रिकामी झाली आणि संडरलँडनं दोन गोल मारले, २-२! चार दिवसांत मालकांनी दर मागं घेतले आणि माफी पण मागितली. मला विचाराल तर त्या अख्ख्या बांधकामातलं सगळ्यात भारी काम ते, आणि त्याला एक वीट लागली नाही.

आजूबाजूच्या लोकांचं पण ऐकलं पाहिजे. अ‍ॅनफिल्डला चिकटून छोट्या घरांच्या रांगा होत्या, क्लबनं त्यातली घरं वर्षानुवर्षं विकत घेत ठेवली, बरीच रिकामी, पत्रे ठोकून पडलेली, शेजाऱ्यांची तक्रार होती की गल्लीची रया गेली, उरलेल्यांनी राहायचं कसं. मग स्टँड वाढवायला ती घरं पाडली. ड्रोनवरनं स्टँड झकास दिसतो, ती गल्ली दिसत नाही.

बरं, आता आपल्याकडं. उद्या समजा शाहू स्टेडियम वाढवायचं ठरलं, नुसती कल्पना हं, कुणी बातमी म्हणून फॉरवर्ड करू नका. पहिली गोष्ट, आपल्याला बाहेरनं शिकायची गरज नाही, खासबाग मैदान बघा. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं ते जुनं गोल आखाड्याचं थिएटर बघून आले आणि इथं कुस्तीसाठी तसलंच मैदान उभं करवून घेतलं, १९१२ मध्ये पुरं झालं. मधे तांबड्या मातीचा हौदा, भोवती चढत जाणारी बैठक, कुठनं पण बसा, पुढच्याचा पटका आड येत नाही. आज स्टँड बांधणारे इंजिनिअर ज्याला साइटलाइन म्हणून लाखोंची फी घेतात, ते आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वी झालंय.

दुसरं म्हणजे आपल्या तालमा. पाटाकडीलची माणसं, दिलबहारची माणसं, खंडोबाची, शिवाजीची, आपापल्या टोळक्यानं बसतात, घोषणा तिथनंच उठते, शिव्या पण तिथनंच. आजोबा, काका, नातू एकाच पायरीवर. प्लास्टिकच्या खुर्च्या लावून नंबर टाकले की आजोबा आय-१२ ला आणि नातू पार कोपऱ्यात क्यू-४० ला, मग आजोबांनी पोराला ऑफसाइड समजवायचं कसं? सावली पाहिजे, पाणी पाहिजे, आयाबहिणींना निवांत बसून मॅच बघता आली पाहिजे, तिकीट रिक्षावाल्याच्या खिशाला परवडलं पाहिजे. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव आपल्याच कोल्हापूरचा. असली पोरं तयार होतात ती गॅलरीत बसून बघूनच, व्हीआयपी बॉक्समधनं नाही.

हे सगळं बोललो कारण आता अ‍ॅनफिल्डचं काम संपलंय आणि आमच्या ग्रुपची पोरं बेकार झाली आहेत. बघायला क्रेन नाही. त्यात युनायटेडवाल्यांनी मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या शेजारी १ लाख बसतील असं नवं स्टेडियम बांधणार, तर आमच्या पेठेतले युनायटेडवाले आत्तापासनंच आमच्यासमोर छाती काढून फिरताहेत, एक लाख, एक लाख. बांधा की बाबांनो, आम्ही ड्रोन व्हिडिओ तुमचे पण बघू. पण मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या मॅचनंतर पाऊस आला आणि तुमच्या छतावरनं धबधबा खुर्च्यांवर कोसळत होता, तो व्हिडिओ माझ्याकडं अजून सेव्ह आहे. ज्याला पाहिजे त्यानं मॅचला आल्यावर माझ्या पायरीवर येऊन बघून जावा, शेंगदाणे त्यानं आणायचे.

चला, नमस्कार.