न दिसणाऱ्या अक्षरावरून

कोडची ओळ आत सरकवायला टॅब द्यावा की स्पेस, हे प्रोग्रामरांचं जुनं भांडण. पडद्यावर कोडच्या दोन ओळी आहेत. दोन्ही डावीकडून सारख्याच आत सरकलेल्या. आता एडिटरमधली, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममधली, लपलेली अक्षरं दाखवूया. पहिल्या ओळीआधी एक बाण उमटला, तो टॅब. दुसरीआधी चार ठिपके, त्या चार स्पेस. डोळ्याला जागा तेवढीच, संगणकाला मात्र ही अक्षरं वेगळी. आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत टॅबचा क्रमांक ९, स्पेसचा ३२.

टॅब आला टाइपरायटरवरून. कळ दाबली की कागदाचा गाडा ठरलेल्या खुणेपर्यंत सरकायचा. संगणकात ही खूण किती अंतरावर धरायची, ते अक्षर सांगत नाही, ज्याचा त्याचा एडिटर ठरवतो. कुणाकडे दोन, कुणाकडे आठ. टॅबवाल्यांना हाच त्याचा गुण वाटतो आणि स्पेसवाल्यांना हाच दोष.

मोठ्या प्रकल्पांनी आपापले नियम केलेत. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यात, आठ अक्षरांचा टॅब. पायथन या भाषेच्या २००१ सालच्या ‘पेप ८’ या लेखनशैलीच्या नियमावलीत चार स्पेस. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली केलेल्या ‘मेक’ला, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधून देणाऱ्या साधनाला, तर आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो. कुठून तरी कॉपी करताना त्याच्या स्पेस झाल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून काम तिथेच अडतं. ओळ मात्र दिसायला अगदी बरोबर असते.

निदान तिथे चूक कळते तरी. पायथन २ मध्ये ती कळायचीही नाही. पायथनमध्ये कोणती ओळ कशाच्या आत, हे डावीकडच्या जागेवरूनच ठरतं. हे जरा जवळून पाहू. ‘इफ’ ही अटीची ओळ चार स्पेसवर आहे, त्याच्या पोटातली ओळ आठ स्पेसवर. खाली कुणीतरी टॅब देऊन तिसरी ओळ लिहिली. त्याचा एडिटर टॅब चारचा दाखवतो, म्हणून ओळ ‘इफ’च्या बाहेर दिसते. पायथन २ टॅब आठचा धरायचा, म्हणून चालताना ती ‘इफ’च्या आत! पायथन ३ असा घोळ चालवूनच घेत नाही, ‘टॅबएरर’ देऊन थांबतो. हे फार चांगलं झालं.

सामायिक कोडमध्ये दुखणं आणखी वेगळं. दुरुस्ती एका ओळीची असते, पण एडिटरने सेव्ह करताना सगळ्या फाइलचे टॅब बदलून टाकले. डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, उघडावा तर वरपासून खालपर्यंत लाल-हिरवा. तपासणाऱ्याने ती एक ओळ शोधायची कशी? गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्याच्या ‘गिट डिफ’ला रिकाम्या जागेतले फरक सोडून देणारा डब्ल्यूचा पर्याय देऊन ती सापडते, पण कुठली ओळ कुणी शेवटची बदलली ते दाखवणाऱ्या ‘गिट ब्लेम’मध्ये, आत सरकलेल्या प्रत्येक ओळीपुढे, आता त्याच माणसाचं नाव लागलेलं असतं. असा कमिट, म्हणजे बदलाची नोंद, वगळून इतिहास पाहण्याची सोय गिटमध्ये २०१९ साली आली.

आणि एक मुद्दा, जो या भांडणात फार उशिरा ऐकला गेला. न दिसणाऱ्या प्रोग्रामरसमोर चाळीस खान्यांची ब्रेल पट्टी आहे, पडद्यावरची ओळ बोटांनी वाचायची. कोड तीन पातळ्या आत गेलाय. प्रत्येक पातळीला चार स्पेस, म्हणजे बोटांखाली आधी बारा रिकामे खाने आणि कोडसाठी उरले अठ्ठावीस. टॅब असेल, तर हेच अंतर तीन खान्यांत भागवता येतं. मोठ्या अक्षरांत वाचणाऱ्यालाही टॅबची रुंदी कमी करून घेता येते. स्पेसमध्ये ही मुभा नाही.

माझा कौल इथे ठरतो. चार स्पेसवर चाललेल्या जुन्या प्रकल्पात मी चार स्पेसच देईन, तिथल्या माणसांच्या इतिहासाला हात लावणार नाही. नव्या प्रकल्पात मात्र पहिली ओळ लिहिण्याआधी एडिटरकॉन्फिगची, म्हणजे सगळ्यांच्या एडिटरला एकच नियम सांगणारी, फाइल करेन आणि तिच्यात टॅब लिहीन.