पणजोबा कोणत्या पलटणीत होते?

घरात पहिल्या महायुद्धातलं चांदीचं पदक असेल, तर आधी त्याची कड पाहा. पंचम जॉर्ज बादशहाचं चित्र असलेल्या या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. भिंग घ्या, उजेड तिरपा पाडा. पदक घासून चकचकीत मात्र करू नका. सगळ्यात आधी झिजतात ती हीच अक्षरं.

नुसत्या नंबरावर शोध पुढे सरकत नाही. तो पलटणीपुरताच असे, तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याचा. खरी किल्ली पलटण. तिचंही नाव १९२२च्या फेररचनेत बदललं: १०३वी मराठा लाइट इन्फंट्री ही पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला अर्ज करताना जुनं आणि नवं, दोन्ही नावं लिहा.

शिपाई युद्धात कामी आला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी ऑनलाइन आणि फुकट आहे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पडलेले बरेच जण बसरा स्मारकाखाली सापडतात. आडनाव इंग्रजीत कारकुनानं कानाला लागलं तसं उतरवलेलं. सावंत, शिंदे, जाधव, प्रत्येकाची तीन-चार स्पेलिंगं करून पाहावी लागतात. त्यापेक्षा पलटण आणि मृत्यूचं वर्ष टाकून यादी गाळा, मग वडिलांचं नाव आणि गाव जुळवा. जिल्हा जुनाच धरायचा. आजच्या सांगलीतलं तासगाव तेव्हा साताऱ्यात होतं, मालवण रत्नागिरीत.

जिवंत परतलेल्याचा माग अवघड. लंडनमधले कागद १९४०च्या बाँबहल्ल्यात जळाले, असं ऐकून अनेक जण इथेच थांबतात. जळाले ते ब्रिटिश फौजेतल्या शिपायांचे. हिंदी शिपायांची नोंद हिंदुस्थानात, पलटणीच्या डेपोत होत असे. म्हणून घरातलं डिस्चार्ज सर्टिफिकेट आणि पेन्शनचे कागद आधी शोधा.

शेवटी वॉर डायरी, म्हणजे पलटणीची युद्धातली रोजची नोंदवही. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये त्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. त्यात नावं बहुधा अफसरांची; शिपायांचे नुसते आकडे, इतके ठार, इतके जखमी. पण पलटण कोणत्या तारखेला कुठे होती, ते कळतं. १०३, ११० किंवा ११७ यांपैकी पलटण निघाली, तर मेसोपोटेमियातल्या कुत या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यापासून सुरुवात करा. २९ एप्रिल १९१६ला तिथली ब्रिटिश-हिंदी फौज शरण गेली, त्यामुळे पुढचा शोध युद्धकैद्यांच्या कागदांत घ्यावा लागतो.