सायीखालची वाइन

(दृश्य: कड्याच्या टोकावरचं गाव, खाली उतरत गेलेले द्राक्षमळे)

फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनच्या प्रदेशाच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या वाटेवर ज्युराचे डोंगर लागतात. ज्युरासिक काळाला नाव मिळालं ते याच डोंगरांवरून. एकोणिसाव्या शतकात इथे जवळपास २०,००० हेक्टर द्राक्षं होती. फायलोक्सेरा या किडीनं मुळं खाल्ली, मळे ओस पडले. आज उरलेत सुमारे २,००० हेक्टर. बोर्दोसारख्या नावाजलेल्या फ्रेंच वाइनच्या गर्दीत ज्युराचं नाव ऐकूच येत नाही, आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते.

(दृश्य: तळघर, ओकची पिंपं)

या पिंपांत सावान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन आहे. पिंपातली वाइन हळूहळू उडून जाते. इतरत्र लगेच वरून भर घालतात, कारण हवा लागली की वाइन बिघडते. इथे मुद्दाम घालत नाहीत. मग तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा वाइनवर यीस्टचा पातळ थर धरतो आणि तोच तिला हवेपासून सांभाळतो. तोडणीनंतरच्या सहाव्या वर्षाचा डिसेंबर येईपर्यंत ती बाटलीत भरता येत नाही. ही व्हँ जोन, म्हणजे पिवळी वाइन. हिची बुटकी बाटली ६२० मिलिलिटरची. एका लिटरमधून शेवटी एवढंच उरतं, असं इथले लोक सांगतात.

इथल्याच आर्ब्वा गावात लुई पाश्चर लहानाचे मोठे झाले. वाइन का नासते, हे त्यांनी १८६०च्या दशकात इथल्या वाइनवरही तपासलं. आपल्या दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द त्याच कामातून आला.

(दृश्य: पेल्यात सोनेरी वाइन, शेजारी काँते चीज)

फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका. १५ अंशांच्या आसपास असू द्या. आधी नुसता वास घ्या. अक्रोड येईल. मग अगदी आपल्या फोडणीच्या डब्यातला वास: मेथीदाणा! हा भास नाही. सोटोलॉन नावाचं एकच द्रव्य दोन्हींत असतं. पहिला घोट कोरडा, आंबटसर, थोडा परका लागेल. चिजाचा तुकडा खा आणि दुसरा घोट घ्या. घाई नको, उघडलेली बाटलीसुद्धा कित्येक आठवडे टिकते.

(दृश्य: पुन्हा कड्यावरचं गाव)

हे शातो-शालों. इथे तोडणीआधी एक समिती मळे फिरून पाहते. द्राक्षं मनासारखी नसली, तर त्या वर्षी गावाच्या नावानं वाइन करायचीच नाही. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या सालांची शातो-शालों जगात कुठेही मिळणार नाही.